दोन लिटरचं भांडं

परवा संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलवर केमिस्ट्री चालू होती. एका बाजूला अकरावीतली माझी लेक मुक्ता, दुसऱ्या बाजूला तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे. मी मधे बसून मटार सोलत होते… कान अर्थात तिकडेच.

बाबांनी इस्लामपूरला आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इथे लखनौला, इंदिरा नगरला घेऊन आलो. मागच्या महिन्यात ते भाजी आणायला गेले आणि आपल्याच कॉलनीत रस्ता चुकले… सब्जीवाले भैया त्यांना घरापर्यंत सोडून गेले. तेव्हापासून नवऱ्याच्या आणि माझ्या जिवाला घोर आहे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, पण बाबांना सांगायचा धीर काही होत नव्हता.

तर, गणित होतं इक्विलिब्रियम कॉन्स्टंटचं. दोन लिटरच्या भांड्यात एक मोल हायड्रोजन, एक मोल आयोडीन. दोघांचं मिळून हायड्रोजन आयोडाइड होतं, शेवटी ते १.६ मोल भरतं… तर कॉन्स्टंट किती? बाबांनी पेन्सिल घेतली, मोलचे आकडे तसेच सूत्रात घातले आणि उत्तर काढलं, ६४.

"आजोबा, वॉल्यूम तो आप भूल ही गए! पहले दो लीटर से डिवाइड करना था ना."

माझा हात थांबला. नेमकी हीच चूक बाबांनी किती मुलांच्या पेपरात लाल पेनाने गोल केली असेल… ते कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता केमिस्ट्रीपण गेली. विषय बदलावा म्हणून मी चहाचं विचारलं, तर कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

"भाग बरं तू दोनाने," बाबा शेवटी म्हणाले. "बघ काय येतं."

मुक्ताने भागलं. पुन्हा ६४. तिचा विश्वासच बसेना, तिने परत करून बघितलं…

"अगं, या रिअॅक्शनमध्ये वरही दोन मोल, खालीही दोन मोल. भांडं केवढंही घे, ते कटणारच. विसरलो नाही मी, कापलं! पेपरात मात्र भागून दाखव हं. तपासणारा माझ्यासारखा खडूस निघाला तर मार्क घालवशील."

आणि बाबा हसले… कितीतरी दिवसांनी. मी मटाराची सालं टाकायचं निमित्त करून किचनमध्ये गेले आणि मनसोक्त रडून घेतलं.

बाहेर बाबा मुक्ताला विचारत होते, आज वार कोणता गं? ती म्हणाली, गुरुवार. थोड्या वेळाने बाबांनी पुन्हा तेच विचारलं… आणि ती पुन्हा म्हणाली, "गुरुवार, आजोबा." अगदी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आवाजात ना कंटाळा, ना काळजी.

मग मीही बाहेर येऊन बाबांशेजारी बसले आणि अपॉइंटमेंटचं सांगून टाकलं. त्यांनी नुसती मान हलवली, माझा हात हातात घेतला… थँक यू मुक्ता. हे इतक्या साधेपणाने बोलता येतं, हे तुझ्यामुळे कळलं गं.