दोरावरची चिंधी

आमच्या टेकडीच्या रेल्वेचा इतिहास ज्यानं पाटीवर लिहिला, त्यानं जन्मात त्या दोराला बोट लावलेलं नाही. पाटी म्हणते, 'एका कर्मचाऱ्याने ब्रेकचा दांडा चोरल्यामुळे सेवा कायमची बंद पडली.' हा चोर म्हणजे माझा सख्खा काका.

एका पोलादी दोराला दोन डबे. एक चढला की दुसरा उतरायचा. पहिल्या फेरीआधी दोर सावकाश सोडायचा आणि काकानं त्यावर सुती चिंधी धरून उभं राहायचं. कुठं तार तुटून वर आली असेल, तिथं चिंधी अडकायची. सत्तावीस वर्षं हेच काम. लोक त्याला चिंधीकाकाच म्हणत, आणि काकू चांगल्या चादरी कुलपात ठेवायची.

शेवटच्या वर्षी हातभर दोरात चिंधी अकरा वेळा अडकली. काकानं मॅनेजरला दाखवलं. नवा दोर पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. काका रोज दाखवायला लागला, तेव्हा त्यांनी बजावलं, "उद्यापासून दोराला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला वरच्या वस्तीतली शाळेची पोरं रांगेत उभी होती. ज्याशिवाय डबे हलतच नसत, तो ब्रेकचा दांडा काकानं काढला, पिशवीत घातला आणि घरी आला. त्याची नोकरी गेली. नवा दोर घेण्यापेक्षा कंपनीनं रेल्वेच बंद केली, आणि बोंब मारली चोराची. सगळ्यात चीड येते ती वरच्या वस्तीची. ज्यांची पोरं वाचली, तेच पायऱ्या चढताना काकाला शिव्या घालत. कंपनीच्या या चोराच्या उलट्या बोंबा त्यांना खऱ्या वाटल्या.

आता तिथं संग्रहालय झालंय. तिथले लोक दांडा मागायला आले, तेव्हा काकानं तो पुसून दिला. आता तरी खरं लिहितील, असं त्या भाबड्या माणसाला वाटलं.

उद्घाटनाला मीच त्याला घेऊन गेले. दांडा काचेत होता, वर ती पाटी. काकानं ती दोनदा वाचली. जुना दोर शोभेसाठी भिंतीशी कठड्यासारखा बांधला होता. काकानं खिशातून चिंधी काढली आणि दोरावरून फिरवत चालू लागला. चार पावलांवर ती अडकली. त्यानं ओढली, तर टरकन फाटली. सगळे बघायला लागले.

"साहेब, हे लिहा पाटीवर," तो अधिकाऱ्याला म्हणाला.

अधिकाऱ्यानं पहारेकऱ्याला खूण केली. पहारेकरी काकाचा दंड धरून म्हणाला, "आजोबा, दोराला हात लावायचा नाही."