मळकट तो बापूस

धर्माकाकांविषयी मी लिहावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळेच्या निबंधापलीकडे काही लिहिलेले नाही. शिवाय ज्याने त्यांना दुखावले त्यानेच लिहायचे, हेही बरे दिसत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले...

माजिवड्यापलीकडे, खाडीच्या मिठागरात ते माझ्या वडिलांबरोबर कामाला होते. बायको बाळंतपणात गेली तेव्हा पदरात दोन मुली होत्या. दुसरे लग्न त्यांनी केले नाही. भाकऱ्या स्वतः थापायचे, मुलींच्या वेण्या घालायचे. मिठागरावरची माणसे त्यांना ‘धर्मी’ म्हणून हाक मारीत आणि ते खुशाल ओ देत. दुपारच्या सुट्टीत ते बांधावर पाखरे बघत बसत. टिटवी आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, एवढेच आम्ही ऐकले होते. ती उन्हाळ्यात पोट पाण्यात भिजवून येते आणि तापलेल्या अंड्यांवर बसते, हे मला काकांनी दाखवले.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा पावसात खचलेले बांध नीट करण्याचे काम चालू होते. जवळच्या डबक्याशी लव्हाळ्यात काकांना पाणलाव्याचे घरटे सापडले होते. चार अंड्यांवर एक मळकट पाखरू बसलेले. पलीकडे तांबूस गळ्याचे दुसरे, फार देखणे.

“ही आई बसली आहे,” मी म्हणालो.

“नाय रं पोरा. ती नटलेली, ती आई. अंडी घातली न चालली दुसरा घरोबा कराला. यो मलकट, यो बापूस. पिला पन योच सांभाळल.”

मी नुकतेच प्राणिशास्त्र घेतले होते. भोवती सगळे जेवायला बसले होते. मी मोठ्याने म्हणालो, “काका, देखणा तो नर. मोर बघा, कोंबडा बघा. तुम्ही एकट्याने पोरी वाढवल्यात ना, म्हणून तुम्हाला जिथे तिथे बापूसच दिसतो.”

माणसे पोट धरून हसली. “धर्मे, तू कवा घालतंस अंडी?” कोणीतरी ओरडले. त्या दिवशी काकांनी ओ दिली नाही. पुढे पाखरू दाखवायला त्यांनी मला कधी बोलावलेही नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात ते पान निघाले. मादी नटलेली, अंडी उबवतो नर, पिल्ले वाढवतो नर. मी ते उभ्यानेच दोनदा वाचले. तोवर काका डोंबिवलीजवळ मानपाड्याला, थोरल्या मुलीकडे, हिराताईकडे राहायला गेले होते. मी जायला हवे होते. धीर झाला नाही... कार्ड टाकले. “काका, पाणलाव्याचे तुमचे बरोबर होते. मी सर्वांसमोर चुकीचे बोललो.” उत्तर आले नाही.

मग एकदा जेवताना वडील म्हणाले, “धर्मा गेला.” मी पानातला भात संपवला, ताट धुऊन ठेवले. रडू आले नाही. अजूनही आलेले नाही.

दिवसकार्य झाल्यावर मानपाड्याला गेलो. हिराताईने कोरा चहा दिला आणि माझे कार्ड पुढे केले. त्या घरात कोणालाच वाचता येत नाही.

“मी बोलली, बाबा, मास्तरकडून वाचून आनते. त नको बोलला. कोनाचा हाय त्ये इचारला. पोस्टमन तुजा नाव बोलला व्हता, त्ये मी सांगितला. मंग हातान घेऊन उलटासुलटा बघितला, न बोलला, वाचाचा कशाला? पोराला समजला.”