पहिल्या रिमोटचं स्टार्ट

आधीच सांगते, मी रस्त्यात पडलेलं लिंबू चपलेने उडवून पुढे जाणारी बाई आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचायचे, नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघं पोट धरून हसायचो. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका सुताच्या व्यापाऱ्याकडे मी अकाउंट्स बघते, राहतेही तिथेच, वरच्या मजल्यावर. हिशोब जुळत नसला की चूक कुठेतरी असतेच आणि ती सापडेपर्यंत मी उठत नाही. हे लिहितानाही मी ती चूकच शोधतेय...

माझं माहेर खारबावचं. लहानपणी मामाने माझ्या मोठ्या भावाला, महेशदादाला, टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. ज्यांच्याकडे होता त्यांना वेगळं सांगायला नको. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. दोन रिमोट असायचे, पण दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसायचं. गेम सुरू करायचा की थांबवायचा ते सगळं पहिल्याच्या हातात, आणि पहिला रिमोट कायम दादाचा. आईने आतून "जेवाला ये रं महेश" अशी हाक मारली की तो पॉज करायचा आणि उठता उठता मला दम द्यायचा — "मी येईपर्यंत हात लावू नको." मी हात लावून करणार काय होते, डोंबल? असा राग यायचा ना तेव्हा!

यंदा माळा साफ करताना वहिनी तो गेम भंगारात द्यायला निघाली, तर दादाने पिशवीत घालून थेट माझ्या घरी आणला. म्हणाला, पमे, तुझ्याकडं ठेव, आमच्याकडं राहिला तर गेला समज. दोन्ही रिमोट, कॅसेट, तो जाडजूड अॅडॉप्टर, सगळं होतं. खरं सांगते, बघून डोळे भरून आले.

शुक्रवारी भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, म्हणून आमचं दुकानही बंद. नवरा, नीलेश, ठाण्याला ड्युटीवर. भर दुपार होती. एरवी मागच्या गल्लीतली लूमची खटखट इतकी अंगवळणी पडलीय की ती नसली की मलाच चुकल्यासारखं होतं. म्हटलं चला, बघू तरी चालतो का. चालला! रणगाड्यांचा गेम होता. पिवळा रणगाडा दादाचा, हिरवा माझा. पहिल्या रिमोटवरून दोन खेळाडूंचा गेम सुरू केला आणि तो रिमोट गादीवर ठेवला, दादा बसायचा त्या डाव्या बाजूला. मी माझा दुसराच घेतला. वेडेपणा म्हणा, पण पहिला हातात धरवत नाही मला.

पिवळा रणगाडा नुसता उभा होता. मी मनाशी ठरवलं की दादाला मरू द्यायचं नाही. त्याच्यापुढे माझा रणगाडा आडवा घालून मी येतील त्यांना उडवत होते आणि एकटीच हसत होते. मग शत्रूचा एक रणगाडा बाजूने घुसला. मी वळेपर्यंत त्याने गोळा सोडला, सरळ पिवळ्यावर.

आणि गेम पॉज झाला.

तो ओळखीचा टुणुक आवाज आला, मधोमध अक्षरं लुकलुकायला लागली. गोळा पिवळ्या रणगाड्याच्या पुढ्यात बोटभर अंतरावर थांबलेला. पहिला रिमोट गादीवर होता तिथेच होता. घरात मी सोडून कुणी नाही. जुनं रबर, चिकटलं असेल बटण, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. स्टार्ट दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून हात तिथेच राहिला.

फोन दादाचा होता. तो राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, ड्युटीवर असताना कधी फोन करत नाही. आवाज कापत होता. माल बघत रांगेतून चालला होता आणि वरून कापडाच्या गाठींची अख्खी थप्पी त्याच्या पुढ्यात कोसळली. गाठीची लोखंडी पट्टी लागून हात तेवढा खरचटला, बाकी धक्का नाही. वहिनी आणि आई घाबरतील म्हणून त्याने मला फोन केला होता.

मग म्हणाला, "पमे, पाऊल उचललंच न्हाय माझं. कुणीतरी पॉज केल्यावानी झालं बघ. आवाजपण आला... आपल्या गेमचा."

गेम लावल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि टीव्हीकडे बघितलं. गाठी तर पडून गेल्या होत्या. दादा वाचला होता. मग तो गोळा अजून तिथे का होता?

मी स्टार्ट दाबलं नाही. बंदही केला नाही. बंद केला तर काय होईल, हे मला कोण सांगणार? नीलेश आला, त्याने सगळं ऐकलं आणि हसत रिमोटकडे हात नेला. मी त्याच्या हातावर अशी चापट मारली की तो चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता तो मोबाईलवर मॅच बघतो. लाईट गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंत चित्र थरथरतं, तेवढा वेळ मी श्वास धरून बसते. बॅटरीतलं पाणी मी रोज बघते. मी, लिंबू उडवणारी बाई!

इतकंच असतं तर चाललं असतं. पण काही आठवड्यांनी वहिनी फोनवर सहज हसत म्हणाली की अहो, तुमच्या भावाला हल्ली दाढीच करावी लागत नाही, वाढतच नाही मेली. मी पण हसले. फोन ठेवल्यावर मात्र नजर आधी टीव्हीकडे गेली.

पुढच्याच शुक्रवारी दादाला घरी बोलावलं. आला, बसला. मी आधी त्याचा हात बघितला. त्या लोखंडी पट्टीने खरचटलेलं तसंच होतं, लालभडक, आत्ताच लागल्यासारखं. रक्त वाहत नाही, खपली धरत नाही. म्हटलं दादा, हे काय? त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं होतं.

खूप वेळ तो त्या पिवळ्या रणगाड्याकडे बघत राहिला. मग सवयीने डाव्या बाजूला सरकला, पहिला रिमोट उचलला आणि स्टार्टवर अंगठा ठेवला.

"भूक लागत न्हाय मला," तो म्हणाला. "झोप न्हाय. आई जेवाला बोलावते, मी बसतो पानावर, पण चव न्हाय कशाला. पोरगी गळ्यात पडली तरी आत काय हलत न्हाय. हे असंच राहणार काय गं?"

दाबलं तर गोळा आहे. नाही दाबलं तर हे आहे. माझा भाऊ माझ्यासमोर बसला होता आणि मला त्याला घट्ट धरून रडायचं होतं, पण मी नुसती त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

त्याने रिमोट हळूच गादीवर ठेवला. उठला, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नको."

त्यानंतर तो इकडे आलेला नाही. रोज ड्युटीवर जातो, फोन केला तर बोलतो, पण धामणकर नाक्यावरून जातानासुद्धा वर चढत नाही. अॅडॉप्टर आता इतका तापतो की खाली फरशीचा तुकडा ठेवलाय, आणि करपल्यासारखा वास येतो. बदलायचा तर आधी बंद करावा लागेल.

याचा अर्थ मला लागलेला नाही. तुम्हाला लागला तर जरूर सांगा, फक्त "एकदा दाबून बघा" असं लिहू नका. हे लिहितेय तेव्हाही ती अक्षरं समोर लुकलुकतायत. पहिला रिमोट गादीवर त्याच्या जागी पडलेला आहे. माझ्या मांडीवर दुसरा आहे, आणि त्याला ते बटणच नाही.