धन्याचं नाव

ती केस आठवली की आजही डोकं भंजाळतं. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, त्यांचा काहीतरी निकाल लागला. ह्या प्रकरणात आरोपी सापडला, कबूल झाला, दोषारोपपत्रही गेलं, आणि तरी त्यात खरं काय नि खोटं काय हे मला आजतागायत नीट सांगता येत नाही. सांगून बघतो. नावं कुणाचीच लिहीत नाही, तेवढी शिस्त नोकरी सुटली तरी सुटलेली नाही.

दुष्काळाची सालं होती. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी. टँकरवरची भांडणं मिटवायची नि गुरांच्या छावण्यांवर बंदोबस्त लावायचा, यातच आमचा दिवस जायचा. अशात बस स्टँडवर एक म्हातारी बेवारस सापडली. नाव विचारलं तर म्हणे, "आजी." गाव विचारलं तर, "आपलंच की रं." स्टेशन डायरीला नोंद केली, जिल्हाभर बिनतारी संदेश दिला. हरवलेल्यांच्या नोंदींत कुणाशीच जुळेना, म्हणून तिला गावाबाहेरच्या निवासात ठेवलं.

हे निवास म्हणजे म्हातारपणी ज्यांची आठवण पार गेली, अशांसाठी एका निवृत्त सिस्टरनं चालवलेलं घर. डिमेन्शिया हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. तोवर आमच्या लेखी एकच निदान होतं, म्हाताऱ्याला चळ लागला. सिस्टरनं प्रत्येक खोलीच्या दाराला वेगळा रंग दिला होता, म्हणजे ज्याला त्याला आपली खोली सापडावी. बाया अंगणात सूप घेऊन ज्वारी निवडत बसायच्या. निवडलेली ज्वारी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच पुढ्यात यायची. "हाताला काम असलं की जीव घाबरत नाही," सिस्टर म्हणायच्या. त्यांचा एक नियम मात्र मला काही केल्या पचेना. "साहेब, इथं खरं-खोटं करायचं नाही. ती ज्या गावात असेल, त्या गावाला आपण जायचं."

आता मी पोलीस. माझा धंदाच खरं-खोटं करायचा! मी मान डोलावली आणि निघून आलो.

काही महिन्यांनी एक माणूस ठाण्यात आला. चाळिशीचा, पांढरे कपडे, दूध संस्थेचा सगळा कारभार बघणारा. संस्थेची चेअरमन त्याची आई. आई लेकीकडून परत येताना हरवली, ती निवासात आहे, ताब्यात द्या, असा अर्ज. सोबत रेशन कार्ड नि फोटो. आमच्याकडच्या साठीपुढच्या बाया फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात, कपाळापर्यंत पदर आणि घाबरलेले डोळे. माणूस ढसाढसा रडला. मला बरं वाटलं. चला, एकीचं तरी घर सापडलं. हमीपत्र लिहून घ्या नि उद्या आजी देऊन टाका, असं मी सांगितलं.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "साहेब, ती चेअरमनबाई न्हाई. चेअरमनबाई लेकीकडंच वारली, तिकडंच उरकलं. दहाव्याला मी सोता गेलतो. ह्यानं गावात कळूच दिलं न्हाई."

"कशापायी लपवील तो?"

"छावणी मागितलीय ना संस्थेनं. चेअरमननं तहसीलला हजर राहून अंगठा द्यायचा हाय. बाई गेली म्हणलं की खुर्ची दुसऱ्या पार्टीकडं." फोन बंद.

निनावी फोनचं काय खरं धरायचं? सहकारात निम्मे निनावी फोन विरोधी गटाचेच असतात. पण जेवण काही गोड लागलं नाही. ती खरंच त्याची आई असेल तर मी मायलेकरांत आडवा येत होतो. आणि नसेल, तर एका म्हातारीला स्वतःच्या हातानं चोराच्या गाडीत बसवणार होतो.

सकाळी त्याला घेऊन निवासात गेलो. म्हातारीला ठाण्यात आणायला सिस्टरनं साफ नकार दिला होता, गोंगाटानं ती घाबरते म्हणून. त्यानं जाऊन पाय धरले. "आई, वळखलंस का?"

म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आलास व्हय लेकरा? जेवलास का?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बघा साहेब!" मलाही ते पटलं. सिस्टर मात्र कोरडेपणानं म्हणाल्या, "पोस्टमनलाही ती असंच म्हणते." झालं! मी पुन्हा जिथल्या तिथं.

मी तिला विचारलं, "आजी, मालकाचं नाव काय?" तिनं मान खाली घातली, पदर ओढला. पुन्हा विचारलं, गप्प. तो चटकन म्हणाला, "इसरली, साहेब. डोकंच ऱ्हायलं न्हाई तिचं." निवासाच्या कागदावरही डॉक्टरनं तसंच लिहिलं होतं, पतीचं नाव आठवत नाही. मी चिडलो आणि आवाज चढवून तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारी माझ्यावरच उखडली. "काय मेल्या सारखं सारखं इचारतूस? धन्याचं नाव कुणी तोंडानं घेतं व्हय? लाज न्हाई वाटत?"

मी चाट! ती विसरलेली नव्हतीच. घेत नव्हती. आमच्याकडं त्या पिढीची एकही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, माझ्या आईनंही जन्मात घेतलं नाही. आणि मी, डॉक्टरनं, सगळ्यांनी मिळून तिच्या मर्यादेला विस्मरण म्हणून लिहून ठेवलं होतं.

मग मी त्याला विचारलं, "तुमच्या वडलांचं नाव सांगा. मोठ्यानं." त्यानं सांगितलं. इथं आपण रामराव म्हणू.

"रामराव?" म्हातारी लगेच म्हणाली. "कोण रामराव? दूधवाला रामराव का? रामरावाला म्हणावं दुधात पानी नगं घालू."

एका दमात चारदा नाव घेतलं, तेही अरेतुरेत! हा पुरावा कोर्टात टिकला नसता, मला पुरला. मी त्याला बाहेर लिंबाखाली नेलं, तंबाखूची पुडी पुढं केली आणि सहज विचारलं, "बहिणीकडं दहाव्याला तुमच्या मामाचं लई हाल झालं म्हणं प्रवासात?"

"व्हय, मामाला गाडीच..." म्हणाला आणि थांबला. आईचा दहावा झाला, हे त्याच्याच तोंडून निघालं होतं.

"आता खरं बोल बे," मी म्हणालो. बोलला सगळं. निवासाला दूध त्याच्याच संस्थेचं जायचं. तिथं एक बिननावाची म्हातारी आहे, ती कुणालाही लेकरा म्हणते, हे त्याला ठाऊक होतं. "एकदा अंगठा झाला की आनून सोडनार हुतो साहेब. गावाची जनावरं मरायलीत हो!" हेही खोटं नव्हतं. गुन्हा दाखल केला, पंचनामा केला, पण त्याच्यावर मनापासून रागावताही येईना.

आता ही म्हातारी कुणाची? सिस्टरनं पाटावर बसवून तिला हळदकुंकू लावलं. "आजी, आता नाव घ्या की उखाण्यात." म्हातारी लाजली, नव्या नवरीसारखं हसली आणि खणखणीत म्हणाली, "देवळाच्या पायरीवर बेलाचं पान, अमुकरावांचं नाव घेते, धर्मापुरीचा मान." नाव मिळालं, गावही मिळालं. ज्यासाठी जिल्हाभर संदेश पाठवले, ते ह्या बाईच्या ओठांवरच होतं. विचारायची रीत आम्हाला आली नाही, एवढंच.

निरोप गेल्यावर तिचा धनी आला. वाळका म्हातारा, हातात पिशवी, बाहेर भाड्याची जीप उभी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाताना चहाला ट्रॅक्टर थांबला तिथं ती उतरली नि मागंच राहिली होती. ह्यानं तक्रार दिली ती कारखान्याकडच्या ठाण्यात, जिल्ह्याबाहेर. आमच्या संदेशाची नि त्या तक्रारीची गाठ पडलीच नाही. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "अगं, मी हाय."

तिनं त्याला न्याहाळलं. सूप बाजूला ठेवलं. "बसा पाव्हणं. धनी कारखान्यावर गेल्यात, येत्याल इतक्यात. पानी घ्या."

मी सवयीनं पुढं झालो. "आजी, अहो हेच तुमचे..." सिस्टरनं माझा हात घट्ट धरला. म्हाताऱ्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "कवा येनार म्हनलं?"

"सांजच्याला."

"मग बसतो मी तवर," तो म्हणाला. सांज झाली तशी त्यानं जीप रिकामी परत पाठवली. तोडीवर गेल्यावर घरी हिच्याजवळ कोण थांबणार, आणि इथं ती हसते तरी, असं त्याचं त्यानंच ठरवलं. पुढं तोडीवर नसला की तो दर बाजाराला यायचा. ती पाणी द्यायची आणि दोघं मिळून धन्याची वाट बघायचे.

ओळख पटवणं हे आमचं रोजचं काम, त्याचे नियम मला पाठ. इथं खोट्याला ती लेकरा म्हणाली आणि खऱ्याला पाव्हणा. तेव्हापासून कुणी गप्प राहिलं, तर त्याला काही ठाऊक नाही असं मी धरलं नाही. इतकंच शिकलो, बाकीचं अजून कळायचंय.

बदलीचा हुकूम आल्यावर एकदा गेलो. दोघं अंगणात ज्वारी निवडत होते. न राहवून मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"कावून वाटंल, साहेब?" तो म्हणाला. "माझीच तर वाट बघती."

त्याचं नाव मला अजून पाठ आहे. पण तिनं ते उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, तेव्हा मीही इथं घेत नाही.