नाक्यावरचे उद्योजक

त्या आठवड्यात मला नाक्यावरून जायची भीती वाटायची. कॉलेजच्या वळणावर, सिग्नलच्या अगदी तोंडाशी, माझ्या चुलतभावाच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यात खालच्या रांगेत माझे बाबा हसत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात काकांची सोन्याची चेन, खाली ठसठशीत अक्षरं: सुप्रसिद्ध उद्योजक.

आमच्या तळवलीत यात कुणाला वावगं वाटत नाही. फ्लेक्सवर माणूस नुसता माणूस म्हणून छापायची पद्धतच नाही. ज्याची वडापावची गाडी तो उद्योजक, आणि ज्याचं काहीच नाही तो युवा नेता. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुसऱ्याचा टेम्पो पगारावर चालवायचे. पुतण्याने कौतुकाने छापलं, बाबांनी कौतुकाने छापून घेतलं. दोघांनाही मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

कारण माझी फार्मसीची बरीचशी फी सरकार भरत होतं. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, असा तहसील कचेरीचा दाखला लावला की सवलत मिळायची. आता कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची माणसं तपासणीला येणार होती. शिकवायला पुरेसे शिक्षक आहेत का, लॅब रोज वापरतात की दाखवण्यापुरती आहे, आणि सवलत घेणारी मुलं खरंच गरजू आहेत का, सगळंच बघणार होती. स्कॉलरशिपच्या खिडकीवरच्या मॅडम मला म्हणाल्या, "उद्या वडलांना घेऊन ये. तुमच्या गावातल्या मुलांना मुद्दाम बोलावलंय. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ म्हटलं की मला हमखास टेन्शन येतं.

'तुमच्या गावातल्या' म्हणजे काय ते मला कळत होतं. शहरासाठी जमिनी गेलेल्या गावांतली माणसं म्हणजे चाळी बांधून भाडं खाणारी, असं सगळ्यांना वाटतं. तसे खाणारे आहेतही. जमिनीच्या बदल्यात आमच्या वाट्याला आलेला प्लॉट आजोबांच्या हयातीतच वाटण्यांत आणि लग्नांत संपला होता, पण हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. नाक्यावर मात्र नेमकं उलटं लिहिलेलं होतं.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "तो फ्लेक्स उतरवायला सांगा ना."

"वाढदिवस व्हायचा हाय अजून. पोराला काय वाटंल? आनि तुझ्या सायबांना काय कामं नाय का, फ्लेक्स वाचत फिरतील?"

ते हसले. मला हसू येईना. खरं सांगायचं तर मला साहेबांपेक्षा बाबांचीच भीती वाटत होती. काय करता, असं कुणीही विचारलं की ते छाती काढून सांगायचे, ट्रान्सपोर्टचा धंदा हाय. ताईला बघायला आलेल्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि आई खाली बघत बसली होती. उद्या तिथे हेच बोलले तर सवलत जाईल, मिळालेली परत मागतील, आणि माझं कॉलेज सुटेल. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सकाळी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार झाले. गळ्यात परत काकांची चेन.

"बाबा, ती काढा!"

"सायबांसमोर भिकाऱ्यासारखा जाऊ काय?"

ऐकलं नाही ते नाहीच. रिक्षात मी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

लायब्ररीत टेबलं मांडली होती. आमचे प्रिन्सिपल एरवी कुणाला भीक घालत नाहीत, ते रुमालाने मान पुसत उभे होते. ते बघून मी जास्तच घाबरले. मागच्या बाकावर आमच्या गावातले दोघे जण आपापल्या मुलींना घेऊन बसले होते, आणि एका कोपऱ्यात बोललेलं दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येत होतं. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी माझे कागद बघितले आणि मग बाबांकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

मी बाबांच्या गळ्याकडे पाहिलं.

"हां, नाक्यावर. उद्योजक ना तुम्ही? कसला उद्योग?"

बाबांनी मागे वळून त्या दोघांकडे पाहिलं. "ट्रान्सपोर्ट..." म्हणाले आणि थांबले. मी मनात देवाला हाका मारत होते. बोला बाबा, एकदाच खरं बोला.

"दुसऱ्याची गाडी चालवतो मॅडम," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं. "पगारावर. फ्लेक्सवर पोरं कायपन टाकतात. ही चेनपन माझी नाय. भावाची हाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. बाईंनी मालकाचं नाव विचारलं, पगार विचारला, दाखला पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. सवलत चालू राहील."

मला इतकं हलकं वाटलं की बाहेर कॉरिडॉरमध्ये येताच मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"अजून किती वर्सं हाय तुझं?"

"दोन."

"परत बोलावतील?"

"बोलावतील कदाचित."

"बोलवू दे. येईन मी, सांगीन." ते जिना उतरायला लागले होते. "पन तवा तू भायेर थांब."