दादांचा हात आणि माझी बाही

हात न लावता कॉम्प्युटर चालवायचं यंत्र मी परभणीत बनवलं आणि ते चाललंसुद्धा. कुणाच्या जोरावर चाललं, एवढाच घोळ झाला.

मी तेव्हा पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. बोरीला शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची, दादांची, उजव्या हाताची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली. मोत्यासारखं अक्षर होतं त्यांचं. पत्रं लिहिणं कायमचं थांबलं. पण मनगटावरचे स्नायू शाबूत होते. स्नायू आवळला की कातडीवर बारीकशी वीज उमटते. ती पकडायची, रेडिओसारखी हवेतून पाठवायची आणि टीव्हीला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर ठिपका हलवून एकेक अक्षर निवडायचं! नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद होतं, तेवढ्यात मी ही वीज पाठवणाऱ्या सारख्याच दोन डब्या बनवल्या. (एक बिघडली तर असावी म्हणून. शहाणपणा!)

दादा-वहिनी माझ्या घरी आले. दादांच्या हाताला वीज पकडणाऱ्या पट्ट्या चिकटवून डबी कमरेला अडकवली.

"दादा, अशी मूठ आवळल्यावानी करा!" मी करून दाखवलं. ठिपका टुणकन उजवीकडं!

"म्या अजून काईच केलं न्हाई," दादा म्हणाले.

"तुमच्या आधी स्नायूला कळतंय!"

मग दादांनी दातओठ खाऊन जोर लावला. ठिपका ढिम्म! मी कपाळावर हात मारून घेतला, तर ठिपका पार टोकाला.

"हात ढिल्ला सोडा!" मी हातवारे करत ओरडलो. ठिपका नाचायलाच लागला.

"आरं, ढिल्लाच हाय की!" दादांना घाम फुटला. "हात माझं ऐकना झालाय. दवाखान्यात जावं का?"

"वीज जास्त साठली असंल," मी ठोकून दिलं आणि त्यांना अंगणात पाठवलं. दादा बाहेर, तरी ठिपका आत जोरात!

"बघा वहिनी, भिंतीपल्याडून चालायलंय!"

वहिनींनी माझ्या हातात चहाची बशी दिली. ठिपका हलला. बशी काढून घेतली. थांबला. परत दिली. हलला.

"भावजी, बाही वर करा बरं."

बाहीखाली पट्ट्या! सकाळी स्वतःवर चाचणी घेतली होती; दुसरी डबी माझ्याच खिशात चालू. दादांच्या डबीचं तर बटणच दाबलं नव्हतं!

माझी डबी बंद केली, दादांना बोलावून त्यांच्या डबीचं बटण दाबलं. त्यांनी हलकेच हात आवळला. ठिपका निघाला, थांबला, परत निघाला. अगदी त्यांच्या मनासारखा. वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

"पहिलं पत्र कुणाला, दादा?"

"तुझ्या प्रिन्सिपल सायबाला. ह्याला आधी बटण दाबायला शिकवा म्हणून."

पत्र लिहायला दादांना तीन आठवडे लागले. एक अक्षर चुकलं नाही! कागदावर मीच उतरवलं, पत्ता मीच घातला, पोस्टात मीच टाकलं. तिकीट लावायचं तेवढं विसरलो.