पाचवं चित्र

जुन्या पाकिटात लॅमिनेट केलेलं एक कार्ड सापडलं आणि दुबईतल्या अल कुसैसमधल्या त्या स्विमिंग पूलचा क्लोरीनचा वास पुन्हा नाकात शिरला. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. ती सात वर्षांची असताना, मी फोनवर बोलत होतो तेव्हा पाण्यात पडली होती. शेजाऱ्याने तिला बाहेर काढलं. चूक माझीच होती. म्हणून तिला पोहायला घातलं. तिची फिलिपिनो टीचर चार चित्रं दाखवून शिकवायची: पड, वळ, तरंग, काठ धर. एके दिवशी तिने मुलीला शाळेच्या गणवेशातच काठावर उभं केलं. ‘कपड्यांत?’ मी ओरडलो. ‘सर, पाण्यात पडणारा कपडे बदलून पडत नाही.’ मुलीने स्वतःला पाण्यात सोडलं, तिचं डोकं बुडालं आणि मी ऑफिसच्या बुटांसकट उडी टाकली. वर आलो तर ती उताणी होऊन शांतपणे तरंगत होती. ‘पप्पा, नो! यू आर नॉट इन द पिक्चर!’ मला बाहेर पाठवून तिने पहिल्या चित्रापासून सगळं पुन्हा केलं आणि काठ धरून म्हणाली, ‘खलास.’ टीचरने हसत पाचवं चित्र काढलं, तेच हे सापडलेलं कार्ड: खुर्चीत बसलेले पप्पा, हात मांडीवर, डोळे पाण्याकडे. मुलगी आता सोळाची आहे, समुद्रातही पोहते. मी फोन गाडीत ठेवून अजून तसाच बसतो.